रिकनेक्शनच्या प्रयोगांत यायचंय? आधी सोल्डरिंग शिका

ठाण्या-पनवेलकडची एमएस्सीची मुलं विचारतात म्हणून लिहितोय. गणित अभ्यासक्रमात होतंच, हाताचं काम मात्र कुणी शिकवत नाही.

विषय असा : प्लाझ्मात, म्हणजे विद्युतभारित कणांच्या तापलेल्या वायूत, विरुद्ध दिशांची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांवर दाबली गेली की मधल्या पातळ विद्युतथरात बलरेषा तुटून नव्याने जोडल्या जातात (हेच रिकनेक्शन) आणि साठलेली ऊर्जा उष्णता आणि वेग बनून बाहेर पडते. सौरज्वाला भडकते ती अशी. स्वीट आणि पार्कर या शास्त्रज्ञांच्या १९५७-५८ च्या गणिताने तिला काही महिने लागायला हवेत. प्रत्यक्षात मिनिटांत उरकतं. हा वेग येतो कुठून, हे प्रिन्स्टनच्या एमआरएक्स या यंत्रावर, टाकीत प्लाझ्मा बनवून, १९९५ पासून तपासलं जातंय. थर पुरेसा पातळ झाला की इलेक्ट्रॉन आणि आयन वेगवेगळे वाहू लागतात. त्याची चुंबकीय खूण तिथे मोजली गेली आहे.

मुलाखतीत हमखास येणारा प्रश्न : एवढ्याशा टाकीत सूर्य कसा मावेल? मावत नाहीच. जुळवायची असतात ती गुणोत्तरं, आणि तीही सगळी जुळत नाहीत. लुंडक्विस्ट संख्या (चुंबकीय क्षेत्र आपोआप विरायला लागणारा वेळ चुंबकीय लहरीच्या प्रवासाच्या वेळेच्या किती पट, ते) सूर्याच्या प्रभामंडलात १० च्या १२ व्या घाताच्या पुढे, एमआरएक्समध्ये हजाराच्या आसपास. हा फरक असूनही प्रयोग का करायचा, यावर पाच मिनिटं बोलता आलं पाहिजे.

आता हाताचं काम. एनॅमलच्या बारीक तारेचे दहाएक वेढे, व्यास तीन मिलिमीटर, दोन्ही टोकं एकमेकींत पिळून काचेच्या नळीतून बाहेर : हा चुंबकीय प्रोब, बदलतं चुंबकीय क्षेत्र मोजणारा. वीस मायक्रोसेकंदांत क्षेत्रात २०० गॉसचा बदल झाला तर मिळतात सत्तरेक मिलिव्होल्ट, आणि शेजारी प्लाझ्माला वीज पुरवणारी कपॅसिटर बँक किलोव्होल्टमध्ये कडाडत असते. पिळा सैल राहिला की ऑसिलोस्कोपवर प्लाझ्मा दिसत नाही, नुसता गोंगाट दिसतो. बँक रिकामी झाली म्हणून लगेच हात घालायचा नाही. उरलेला भार जमिनीत सोडणारा अर्थिंग रॉड लावायचाच. मुंबईत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या लॅमिंग्टन रोडला एक फेरी मारून तार, सोल्डर आणि जुना स्कोप मिळतो का बघा.

पीएचडीच्या प्रवेशासाठी जेस्ट, नेट, गेट या परीक्षा. प्रयोगांसाठी गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था बघा. घराजवळ राहायचं असेल तर नवीन पनवेलची भारतीय भूचुंबकत्व संस्था आहे. तिथलं काम मुख्यतः निरीक्षण आणि सिद्धांताचं, पण वारसा जबरदस्त : १८५९ च्या सौरवादळात तिची पूर्वज असलेल्या कुलाबा वेधशाळेने टिपलेली पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातली सुमारे १६०० नॅनोटेस्लाची घसरण आजही अभ्यासली जाते.

सुरुवातीचे बरेच महिने गोंगाटाशी भांडण्यात जातात, हे घरी आधीच सांगून ठेवा. आमची आई अजून विचारते, "झाला का रे सूर्य तयार?"