रंगाईच्या सांडपाण्यावर उत्प्रेरकासह ओझोनप्रक्रिया कशी करावी

सांडपाणी आधी गाळून त्यातील धागे व गाळ काढावा, अन्यथा उत्प्रेरकाचा पृष्ठभाग बुजतो. नंतर मँगनीज किंवा लोहाच्या ऑक्साइडचे दाणे (हेच उत्प्रेरक) भरलेल्या स्तंभात तळातून ओझोनचे बारीक बुडबुडे सोडावेत. दाण्यांच्या पृष्ठभागावर ओझोनपासून हायड्रॉक्सिल मूलके (अतिशय क्रियाशील कण) तयार होतात आणि ती रंगाच्या रेणूचे तुकडे करतात. पाण्यात धुण्याचा सोडा जास्त असल्यास त्यातील कार्बोनेट या मूलकांना खाऊन टाकते. पाणी नितळ दिसले तरी ओझोन लगेच बंद करू नये (डोळ्यांवर विसंबण्याचा मोह इथे हमखास होतो), कारण ॲझो बंध (रंग देणारा नायट्रोजन-नायट्रोजन बंध) लवकर तुटला तरी त्यातून निघालेली सेंद्रिय आम्ले मागे रेंगाळतात आणि सामू घसरतो. म्हणून सीओडी (पाण्यातील सेंद्रिय द्रव्यांच्या ऑक्सिडीकरणासाठी लागणाऱ्या ऑक्सिजनचे माप) मोजूनच थांबावे. उरलेला ओझोन विषारी असल्याने विघटन करूनच बाहेर सोडावा आणि पाण्यात उत्प्रेरकाचा धातू उतरला आहे का, हे तपासावे.