घरकाम कोणाच्या वाट्याला? सात दिवसांची नोंदवही

शाळेत धडा असतो स्त्री-पुरुष समानतेचा आणि घरी जेवणं झाली की खरकटी ताटं उचलायला हाक जाते ती बहिणीला. मूल त्यातलं दुसरं लक्षात ठेवतं, कारण ते रोज घडतं. म्हणून समजावण्याआधी घरात खरोखर काय चाललंय ते मोजा.

केंद्र सरकारच्या वेळ-वापर पाहणीत सहा वर्षांपासून पुढच्या सगळ्यांची नोंद होते. २०१९ साली बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात रोज सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता, घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटं. २०२४ मध्ये हे आकडे २८९ आणि ८८ झाले. काम दोघांचंही कमी झालं, मधलं अंतर मात्र २०२ मिनिटांवरून २०१ वर आलं. हे अंतर मोठेपणी अचानक तयार होत नाही. साधारण अडीच-तीन वर्षांचं मूल स्वतःला मुलगा किंवा मुलगी म्हणू लागतं आणि लगेच शोधू लागतं, की आपल्यासारखे लोक काय करतात. उत्तर त्याला घरातच मिळतं.

नोंद कशी ठेवायची

एक रेघी वही घ्या आणि चार रकाने आखा: काम, कोणी केलं, किती मिनिटं, कोणाच्या लक्षात आलं. चौथा रकाना सोडू नका. दळण संपत आलंय, उद्या शाळेत पांढरा शर्ट लागणार आहे, कामाच्या बाई येणार नाहीत, हे डोक्यात ठेवणं हेही कामच आहे आणि ते सहसा एकाच व्यक्तीच्या नावावर जमा असतं.

सोमवार ते रविवार असे सलग सात दिवस लिहा. रविवार हवाच, कारण त्या दिवशी सगळे घरी असूनही काम कोण करतं ते दिसतं. परीक्षेचा, पाहुण्यांचा किंवा गणपतीचा आठवडा घेऊ नका. रात्री जेवणानंतर दहा मिनिटं बसून प्रत्येकाने आपापलं लिहावं. एकानेच सगळ्यांचं लिहिलं की अंदाज सुरू होतात, आणि अंदाजात स्वतःचं काम जास्त भरतं. पाच मिनिटांच्या आतली कामं (दूध उतू जाऊ नये म्हणून उभं राहणं, पाण्याची मोटर बंद करणं, बाटल्या भरणं) मिनिटांत लिहू नका, नुसत्या रेघा मारा. ती गळली तर वही खोटं बोलते.

बेरीज करताना मिनिटांइतकंच कामाच्या जातीकडे पाहा. मुलाकडे बहुधा बाहेरची कामं असतात: बडोद्याच्या खंडेराव मार्केटमधून भाजी, दळण, बिल भरणं. ती एकदा केली की संपतात. त्यात पैसे हातात येतात, रस्ते ओळखीचे होतात, भाव करायची सवय लागते. मुलीकडची कामं आतली, रोजची आणि ठरल्या वेळेची असतात. साडेसातला कुकर लावायचाच असेल तर सात ते आठचा अभ्यास तुटतो. दोघांची मिनिटं सारखी निघाली तरी एकाला शहर मिळतं आणि दुसरीला ओटा. पुढे नोकरीसाठी दुसऱ्या गावी एकटं राहायची वेळ येते तेव्हा हाच फरक आडवा येतो.

सयाजीराव महाराजांनी १९०६ साली बडोदे संस्थानात मुलामुलींना प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. त्या काळात हे फार मोठं पाऊल होतं. तरी त्यातही मुलग्यांसाठी वय ७ ते १२ होतं आणि मुलींसाठी ७ ते १०. एवढ्या दूरदृष्टीच्या कायद्यातसुद्धा मुलीची दोन वर्षं घराने राखून ठेवली होती.

अदलाबदल

एकदम दहा कामं बदलू नका. प्रत्येक मुलाला दोनच द्या, पण अथपासून इतिपर्यंत. पोळ्या लाटणं म्हणजे कणीक मळण्यापासून ओटा पुसेपर्यंत सगळं. ‘आईला मदत कर’ हे वाक्य आधी बंद करा. मदत म्हटलं की काम आईचंच राहतं.

दोन-तीन वर्षांचं मूल आपली खेळणी आणि चपला जागेवर ठेवू शकतं. चार-पाचाव्या वर्षी ताटं-वाट्या मांडणं, मटार सोलणं. सहा ते आठ या वयात कपड्यांच्या घड्या आणि भांडी पुसून मांडणं जमतं. नवव्या वर्षापासून कणीक द्या: दोन वाट्या कणकेला पाऊण ते एक वाटी पाणी, तेही थोडंथोडं. बाराव्या वर्षानंतर मोठं कोणीतरी शेजारी असताना गॅस, आणि आठवड्यातली एक रात्र पूर्ण स्वयंपाक. मुलीला त्याच वयात सायकलची चेन बसवणं, सिलिंडरचा रेग्युलेटर लावणं, बँकेची स्लिप भरणं आणि एकटीने बाजारात जाणं शिकवा. फक्त मुलगा स्वयंपाकघरात आणला आणि मुलगी आतच राहिली, तर अर्धंच काम झालं.

बिघाड तीन ठिकाणी होतो. मुलाने भांडी अर्धवट पुसली की आई पुन्हा पुसते. तसं करू नका, ओली वाटी त्याच्याच ताटात येऊ द्या. दुसरं, मुलाच्या पहिल्या पोळीचा फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर जातो आणि मुलीच्या शंभराव्या पोळीकडे कोणी पाहत नाही. कौतुक दोघांचं सारखं करा, नाहीतर दोघांचंही नको. तिसरा अडथळा म्हणजे आजी. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांना गुरू करा: “आई, तुमच्या हातची आमटी याला शिकवा. शिकायला बाहेर गेला तर तिथे कोण करून घालणार?” बहुतेक आज्या यापुढे स्वतःच मागे लागतात.

शब्द

हंसाबेन मेहता १९४९ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू झाल्या. त्याआधी संयुक्त राष्ट्रांत मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं ‘ऑल मेन’ बदलून ‘ऑल ह्यूमन बीइंग्ज’ व्हावं म्हणून त्या अडून बसल्या, आणि १९४८ च्या अंतिम मसुद्यात तेच आलं. घरातही शब्द असेच बदलावे लागतात. ‘मुलगी असून गणितात हुशार’, ‘मुलगा असून रडतो’ यांतला ‘असून’ काढा. अमेरिकेतल्या मुलांवरच्या २०१७ च्या एका अभ्यासात पाच वर्षांच्या मुली ‘खूप खूप हुशार’ माणूस म्हणून आपल्यातलीच कोणी निवडत होत्या, सहा-सात वर्षांच्या मुली तसं कमी करत होत्या. तेव्हा मुलीला ‘किती नीटनेटकी’ म्हणता तेवढ्याच वेळा ‘किती छान विचार केलास’ हेही म्हणा, आणि ते पहिलीत जायच्या आधीपासून.

‘परक्याचं धन’ हा शब्द तर घराबाहेरच ठेवा. ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा जन्मतः मुलाइतकाच हक्क आहे, तरी कितीतरी बहिणी हक्कसोड पत्रावर मुकाट्याने सही करतात. लहानपणापासून ‘हे घर तुझं नाही’ असंच ऐकलेलं असतं. खाऊचे पैसे दोघांना सारखे द्या. दहा वर्षांपुढची मुलं स्वतः चालवू शकतील असं बचत खाते बँका उघडून देऊ शकतात. दोघांचंही एकाच दिवशी उघडा.

सणाचे दिवस

गौरीव्रताला शेजारच्या गुजराती मैत्रिणींबरोबर अळणी जेवायचं असेल तर मुलीला जरूर जाऊ द्या, हरतालिकेचंही तसंच. फक्त ‘चांगला नवरा मिळेल’ हे कारण तुम्ही पुरवू नका. गणपतीत मखराची जबाबदारी यंदा तिची, मोदकांचं सारण त्याचं.

तीन महिन्यांनी पुन्हा सात दिवस वही भरा आणि जुन्या पानांशेजारी ठेवून पाहा. मुलाची मिनिटं वाढली पण चौथा रकाना अजून आईच्याच नावावर असेल, तर आठवण करून देणं थांबवा. दूध आणायचं त्याच्याकडे असेल आणि तो विसरला, तर त्या सकाळी सगळ्यांचा चहा कोरा.