हरिकेनची काच रंगवताना

१:७२ मापाचं (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं) हॉकर हरिकेन या दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाचं प्लास्टिक मॉडेल करायला घेतलं की सगळ्यात जास्त छळते ती कॉकपिटची काच. स्पिटफायर या त्याच काळातल्या दुसऱ्या ब्रिटिश विमानाच्या मानाने हिच्या चौकटीला पट्ट्या फार, आणि हात जरा हलला की रंग काचेवर. बारीक ब्रशने चौकटीची एकेक पट्टी रंगवायचा नाद सोडा.

१. मास्किंग टेप गुळगुळीत टाइलवर चिकटवा आणि कोऱ्या ब्लेडने १ मिमीच्या पट्ट्या कापा.

२. काचेच्या प्रत्येक खणात फक्त कडेकडेने या टेपच्या पट्ट्या लावा आणि टूथपिकने कोपऱ्यात दाबा. टेप नीट बसली की तिथे तिचा पिवळा जरा गडद दिसतो, तीच खूण. फिकट राहिली तर खालून रंग शिरणारच.

३. मधली जागा टेपच्या तुकड्याने किंवा मास्किंग फ्लुइडने (ब्रशने लावायचं, वाळल्यावर सोलून निघणारं द्रव) भरा.

४. आधी कॉकपिटच्या आतला करडा-हिरवा मारा, तो वाळल्यावर वरचा कॅमोफ्लाजचा रंग. मग काचेतून आत पाहिलं की चौकटीच्या पट्ट्या आतूनही रंगवल्यासारख्या दिसतात! दोन्ही हात पातळच असू द्या.

५. मॅट व्हार्निशसुद्धा टेप असतानाच मारून घ्या, नाहीतर काच धुरकट होते. टेप चिमट्याने हळू, तिरकी ओढून काढा.

आणि काच बसवायला सुपरग्लू अजिबात नको. त्याच्या वाफेने आतून पांढरी साय धरते. माझं एक विमान तसंच धुक्यात बसलंय. टूथपिकच्या टोकावर येईल एवढं फेविकॉल पुरतं, बाहेर आलेलं ओल्या इअरबडने पुसता येतं.