साऊथ अमेरिकन विंचू पाळताय? या चुका टाळा

माझ्या पहिल्या डब्यावर "साऊथ अमेरिका" एवढंच लिहिलेलं. मी डोक्यात धरलं अ‍ॅमेझॉन, मग काय, रोज स्प्रे, सगळं ओलंचिंब. तो निघाला मध्य चिलीतला बोथ्रियुरस, तिकडे उन्हाळा कोरडा ठणठणीत आणि पाऊस थंडीत, दीड महिन्यात गेला बिचारा. फ्रेंच गयानाच्या ब्रोथियासला ओली माती लागतेच, पण अटाकामाकडच्या ब्राकिस्टोस्टर्नसला तीच ओल मारते, त्याला कोरडी खोल वाळू हवी. त्यामुळे विकणाऱ्याला किंमत नंतर विचारा, आधी विचारा मूळ कुठला. सांगता येत नसेल तर सोडून द्या, कितीही रेअर म्हणू दे.

नावांचा घोळ वेगळाच. रोपालुरस रोचाई या विंचवाचं नाव 2017 मध्ये बदलून जग्वाजिर रोचाई झालं, पण जुनी लेबलं अजून फिरतायत आणि मी एकच विंचू दोन जाती समजून घेणार होतो.

आता रात्री यूव्ही टॉर्च (तिच्या उजेडात विंचू हिरवा चमकतो) मारून मोजलात आणि एक कमी भरला तर लगेच घर डोक्यावर घेऊ नका. मी सोफा उलटा केला होता. हा पठ्ठ्या सालीखाली होता, नुकतीच कात टाकलेला, फिकट मऊ, शेजारी पडलेली जुनी कात हिरवी चमकत होती आणि हा स्वतः अजिबात नाही, कारण नवीन कवच कडक होईपर्यंत ते चमकत नाही. अशा वेळी डब्यात उरलेले रातकिडे आधी काढा, मऊ विंचवाला तेच कुरतडतात. पाठीवर पिल्लं असलेल्या मादीलाही हलवायचं नाही, घाबरली की पिल्लं खाते.

टिटियस सेरुलाटसच्या बाबतीत मात्र मी स्पष्टच सांगतो, हौस म्हणून घेऊ नका. ब्राझीलचा हा पिवळा विंचू, मादीला नर लागतच नाही, एकटीच पिल्लं घालते. म्हणजे एक पळाला तर एकच पळाला असं नसतं. तिकडे शहरांच्या गटारांत झुरळं खाऊन पसरलाय, लहान मुलं दगावतात. त्याचं अँटीव्हेनम, म्हणजे विषावरचं औषध, साओ पावलोच्या बुटांटान संस्थेत बनतं, तुमच्या गावच्या दवाखान्यात ते मिळणार नाही, आणि आपल्याकडचं कोकणातल्या लाल विंचवासाठी आहे, ते यावर धरून चालू नका.

आणि काचेवर विंचू चढत नाही म्हणून झाकण नुसतं ठेवायचं, ही सगळ्यात कॉमन चूक. काचेवर नाही चढत, खरंय. पण कोपऱ्यात सिलिकॉनची रेघ असते ना, तिच्यावरून सरसर वर येतो. मी टाकी बदलली, आता क्लिपवाले प्लास्टिकचे डबे, हात कधीच आत नाही, लांब चिमटाच.