डाव मोडणारा गडी: डीएम मंडळींनो, या चुका टाळा

आमच्या रविवारच्या टेबलावर एक रोग होता. शिवी देत नाहीये. डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकत, पात्रं घेऊन गोष्ट रंगवायच्या खेळात चोर, हेर, भुरट्या मंडळींच्या क्लासचं, म्हणजे पात्राच्या प्रकाराचं, नावच ते आहे, आणि मराठीत खेळायला बसलं की हा विनोद पहिल्या दहा मिनिटांत कोणीतरी करतोच. चौथ्या सेशनला मात्र तो विनोद राहिला नाही. पार्टी, म्हणजे आमच्या पात्रांची टोळी, जंगलात मुक्कामाला, पहाऱ्याची पाळी रोगाची. तो म्हणाला, "पॅलाडिन झोपलाय ना? त्याच्या बोटातली अंगठी काढतो." वीस बाजूंचा फासा टाकला, सतरा पडले. ती अंगठी पॅलाडिनने, म्हणजे आमच्यातल्या धर्मयोद्ध्याने, तीन रविवार घालवून मिळवली होती. पॅलाडिन खेळणाऱ्याने पेन्सिल खाली ठेवली. क्लेरिकने, म्हणजे पुजारी खेळणाऱ्याने, मोबाइल उचलला. रोग हसत म्हणाला, "मी काय करू, माझं कॅरॅक्टर असंच आहे."

पुढच्या महिनाभरात डीएम, म्हणजे गोष्ट सांगणारा आणि नियम सांभाळणारा डंजन मास्टर, म्हणून जे जे करायला नको ते सगळं मी केलं. काही चुका नंतर दुसऱ्या टेबलांवरही केल्या. त्या इथे मांडतोय.

टेबलावरचं भांडण गोष्टीत सोडवायला जाऊ नका

पुढच्या रविवारी ती अंगठी शापित निघाली. रोगाचे हात काळे पडले, गावाच्या वेशीवर शिपायांनी धरलं आणि कोठडीत टाकलं. मी मनात म्हटलं, आता येईल ताळ्यावर. त्याला काय वाटलं असेल? आपल्यासाठी खास कथानक लिहिलंय! मग कोठडीचं कुलूप उघडणं, पहारेकऱ्याला लाच, छपरावरून पळ, असं पन्नास मिनिटं आम्ही दोघंच खेळत होतो. आमचं सेशन चार तासांचं आणि खेळाडू पाच. माझी बडबड आणि चहा वजा केला तर एकेकाच्या वाट्याला जेमतेम अर्धा तास येतो. म्हणजे शिक्षा झाली ती बाकीच्या चौघांना. पॅलाडिनने तेवढ्या वेळात चिवड्याची अख्खी वाटी संपवली.

ही खोड थेट मूळ पुरुषापासून आलेली आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ 1974 साली बाजारात आला, आणि 1979 च्या डीएमसाठीच्या पुस्तकात गायगॅक्सनेच आगाऊ खेळाडूंसाठी उपाय दिले: डोक्यावर आकाशातून निळ्या विजा पाडा, करिश्म्याचा एक गुण कायमचा कापा. वाचायला मजा येते. पण गोष्टीतली शिक्षा ही गोष्टच असते. "तुझ्यामुळे तुझा मित्र खट्टू झालाय" हा निरोप तिच्यातून पोचत नाही. उलट डीएम डूख धरून बसलाय, हे सगळ्यांना दिसतं.

मी आता स्वतःला एकच विचारतो: नाराज कोण आहे? पॅलाडिन हे पात्र नाराज असेल तर उत्तम, त्यातून दोन प्रसंग निघतील. पॅलाडिन खेळणारा माणूस नाराज असेल तर डीएम स्क्रीन, म्हणजे डीएमसमोरचा आडोसा, बाजूला सारून माणसासारखं बोलायचं.

ग्रुपवर मोघम पोस्ट टाकू नका

विजा पाडून झाल्यावर मी व्हॉट्सॲपवर लिहिलं: "सर्वांना नम्र विनंती, खेळताना इतरांच्या आनंदाचाही विचार करावा." सोसायटीच्या जिन्यातल्या नोटिशीची भाषा. पहिला अंगठा रोगाचाच आला. क्लेरिकने मात्र रात्री वेगळा मेसेज करून विचारलं, "माझं काही चुकलं का?" मोघम बोलण्याचं हेच होतं. ज्याला लागायला हवं त्याला लागत नाही, आणि जो आधीच जपून वागतो तो आणखी आखडतो.

चारचौघांत झापणंही तितकंच निरुपयोगी. प्रेक्षक असले की माणूस बचाव करतो, ऐकत नाही. शेवटी एका मंगळवारी रोगाला चहाला बोलावलं. खरं तर हे अंगठीच्या दुसऱ्याच दिवशी करायला हवं होतं. महिन्याने बोललं की आपण हिशेबाची वही घेऊन आल्यासारखे वाटतो.

"अरे, अंगठी घेतलीस ना, तेव्हा त्याचं तोंड पडलं होतं. पाहिलंस का?"

"गेम आहे रे."

"तुझ्यासाठी. त्याने तीन रविवार घातले होते. बरं ते जाऊ दे, तुला मजा येतेय का?"

तो ग्लास फिरवत बसला. मग म्हणाला, "लढाईत मी काय करतो सांग. एकदा भोसकायचं, सहा-सात डॅमेज, मग वीस मिनिटं बसून राहायचं. स्नीक अटॅक तू देतच नाहीस."

गुन्हेगार ठरवून मोकळे होऊ नका

तो म्हणत होता ते खरं होतं, मी देत नव्हतो. स्नीक अटॅक म्हणजे रोगाच्या वाराला मिळणारा जादा डॅमेज, आणि तो लपून वार केला तरच, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. नावच तसं आहे ना! त्याने दोन-तीनदा विषय काढला होता आणि मी "रूल्स लॉयर होऊ नकोस", म्हणजे नियमांचा कीस पाडू नकोस, म्हणून गप्प केलं होतं. घरी येऊन पुस्तक उघडलं. 2014 च्या पाचव्या आवृत्तीत नियम स्वच्छ लिहिलाय. फासा ॲडव्हांटेजने (दोन फासे टाकून मोठा आकडा धरायचा; डिसॲडव्हांटेज असला तर लहान) टाकायचा असेल तर स्नीक अटॅक मिळतोच. पण नसला, तरी त्या शत्रूच्या पाच फुटांत त्याचा आणखी एखादा शुद्धीवरचा वैरी उभा असला आणि तुमच्यावर डिसॲडव्हांटेज नसला की पुरे. हत्यार फिनेस, म्हणजे चपळाईने चालवायचं, किंवा लांबून मारायचं हवं, आणि हा जादा डॅमेज एका टर्नमध्ये एकदाच. लपण्याची अट नाही. 2024 च्या सुधारित पुस्तकातही हे असंच आहे.

तिसऱ्या लेव्हलच्या रोगाला यातून सहा बाजूंचे दोन फासे जादा मिळतात, सरासरी सात. म्हणजे मी त्याचा अर्धा खेळच काढून घेतला होता. आणि आमचा पॅलाडिन तर कायम शत्रूच्या नाकासमोर उभा असायचा! लढाईत हाताला काही लागेना म्हणून गडी जंगलात अंगठ्या काढत बसला.

चोरी यामुळे योग्य ठरत नाही, ते मी त्याला सांगितलं. पण आधी माफी मागितली. त्रास देणाऱ्याच्या मागे दर वेळी डीएमचाच दोष असतो असं नाही. तरी पाहून घ्यायला काय जातं? लढाया त्याला आवडतात तितक्या होतात का, त्याने लिहिलेल्या पूर्वकथेतलं काही गोष्टीत आलंय का, त्याला नको असलेल्या प्रकारचं कॅम्पेन, म्हणजे अनेक सेशन चालणारी लांब गोष्ट, आपण त्याच्या गळ्यात मारलंय का.

नियमांच्या वादाचं आता आम्ही ठरवून टाकलंय. टेबलावर दोन मिनिटं, मग डीएम म्हणेल ते, आणि सेशननंतर पुस्तक. डीएम चुकला असेल तर पुढच्या वेळी सुरुवातीलाच कबूल करायचं. ज्याला नियम तोंडपाठ असतात त्याच्या हातात मी पुस्तक देऊन टाकतो: "ग्रॅपलचं, धरपकडीचं, बघून ठेव, तोवर मी पुढे जातो." त्यालाही काम मिळतं.

"माझं कॅरॅक्टर असंच आहे" या वाक्यापुढे मान तुकवू नका

हे वाक्य ऐकलं की नवे डीएम गडबडतात. भूमिका जगतोय बिचारा, त्याला कसं अडवायचं? अहो, ते कॅरॅक्टर त्यानेच लिहिलंय ना? आकाशातून पडलेलं नाही. चोराला मित्रांच्या खिशात हात घालावासा वाटतो, ठीक आहे. पण या चौघांच्या बाबतीत तो का घालत नाही, याचं कारण शोधणं ही त्या खेळाडूची जबाबदारी. आमच्या रोगाने नंतर कारण काढलं: लहानपणी त्याच्या टोळीचा एकच नियम होता, एका ताटात जेवलेल्याचं चोरायचं नाही. यातून पुढे दोन सुंदर सेशन निघाली.

दुसरा उपाय टेबलाच्या नियमाचा. एका खेळाडूने दुसऱ्यावर काही केलं, मारलं, चोरलं, फसवलं, तर फासा टाकायच्या आधी समोरच्याला विचारायचं: "चालेल का? आणि काय होतं?" निकाल ज्याच्यावर बेतलंय तो ठरवतो. पॅलाडिन म्हणाला असता, "मला जाग येते, मी मनगट धरतो," की विषय तिथेच संपला असता, कदाचित हसत. सतरा पडल्यावर थांबवलं तर तो रडीचा डाव वाटतो.

सगळ्या दुखण्यांना एकच औषध देऊ नका

उशिरा येणाऱ्यासाठी चर्चा नको. तीन जण जमले की सुरू करायचं, बस. मोबाइलवाल्याची टर्न किती वेळाने येते ते आधी मोजा. वीस मिनिटांनी येत असेल तर मीही रील्स बघेन.

प्रत्येक प्रसंगात पुढे धावणारा गडी बहुधा उत्साही असतो, दुष्ट नसतो. त्याला "थांब, तुझं धरलंय" म्हणायचं आणि नाव घेऊन दुसरीकडे वळायचं: "हा दरवाजा फोडतोय तेवढ्यात तू काय करतेयस?" लढाई नसतानाही पाळीपाळीने विचारलं तर शांत माणसांना बोलायला जागा मिळते. त्याला मी शेजारी बसवतो आणि शांत मंडळींना समोर, म्हणजे माझी नजर आपोआप त्यांच्यावर जाते. नवख्याला मात्र पहिली दोन सेशन आमच्याकडे कच्चं लिंबू मानतात. त्याचा वेंधळेपणा त्रासात मोजत नाही.

एक प्रकार या यादीत बसतच नाही. एका कॅफेतल्या वन-शॉटला, म्हणजे एकाच बैठकीत संपणाऱ्या खेळाला, एक मुलगी पहिल्यांदाच खेळायला आली होती. एकाचा बार्ड (गाणारा शाहीर) तिच्या विझर्डच्या (जादूगाराच्या) मागेच लागला. पहिल्यांदा ती हसली, दुसऱ्यांदाही हसली, तिसऱ्यांदा तिने खुर्ची जराशी मागे सरकवली. आणि मी काय म्हणालो? "पर्स्वेजन टाक," म्हणजे तिचं मन वळवण्यासाठी फासा टाक. ती परत कधी आली नाही, आणि त्यात नवल नाही. इथे मंगळवारचा चहा नको, कारणमीमांसा नको. त्याच क्षणी खेळ थांबवायचा, "हे या टेबलावर नाही" असं स्पष्ट म्हणायचं, आणि ऐकत नसेल तर त्याला उठवायचं.

तेव्हापासून टेबलाच्या मधोमध मी फुली काढलेलं कार्ड ठेवतो. एक्स-कार्ड म्हणतात त्याला, जॉन स्टाव्ह्रोपॉलस यांची कल्पना. कोणीही हात लावला की तो प्रसंग तिथेच सोडायचा, का म्हणून विचारायचं नाही. आणि सेशन झिरोला, म्हणजे खेळ सुरू होण्याआधीच्या बैठकीत, रॉन एडवर्ड्स यांच्या लाइन्स आणि व्हेल्सची (रेषा आणि पडदे) दोन याद्यांची वही फिरते: गोष्टीत अजिबात नको ते, आणि असलं तरी पडद्याआड हवं ते. वीस मिनिटं जातात. आमच्या वहीत "लहान मुलांचा छळ" पहिल्या यादीत आहे आणि "कोळी" दुसऱ्या.

निरोप द्यायची वेळ आली तर पळवाट काढू नका

ही माझी सगळ्यांत वाईट चूक, आणि तिचा रोगाशी काही संबंध नाही. रोग अजून आमच्यात आहे, आता सातव्या लेव्हलला. दुसऱ्या एका कॅम्पेनमध्ये एक ड्रुइड, म्हणजे निसर्गाची जादू करणारं पात्र खेळणारा, होता. कॉलेजपासूनचा मित्र. दुसऱ्याच्या टर्नला मध्ये बोलायचा, कोणाचं भावुक दृश्य चाललं की चेष्टा करायचा. दोनदा सांगून झालं. आठवडाभर फरक पडायचा, मग पुन्हा तेच. त्याच्याबरोबर कटान हा बोर्ड गेम खेळायला मला आजही आवडेल. लांबलचक गोष्ट त्याच्या स्वभावात नव्हती, इतकंच.

हे त्याला तोंडावर सांगायला पाच मिनिटं लागली असती. "तुझी-आमची खेळायची पद्धत जुळत नाहीये, या कॅम्पेनला नको, बोर्ड गेमच्या रात्रीला ये." त्याऐवजी आम्ही कॅम्पेन संपलं म्हणून सांगितलं आणि त्याला वगळून नवा ग्रुप काढला. तिसऱ्या आठवड्यात कोणीतरी टेबलाचा फोटो चुकून जुन्या ग्रुपवर टाकला, फासे, नकाशा, सहा चहाचे कप. लगेच डिलीट केला, पण निळ्या खुणा उमटल्या होत्या.

तो जुना ग्रुप अजून माझ्या फोनमध्ये आहे. त्यातला शेवटचा मेसेज त्याचा, फोटोच्या आदल्या रविवारचा: "पुढचं कॅम्पेन कधी? मी या वेळी क्लेरिक घेतो, मध्ये मध्ये बोलणार नाही."