नवख्या खासगी वैमानिकाने क्रॉस-कंट्रीसाठी हवामानाचा निर्णय कसा घ्यावा

परवाना नुकताच हातात पडलेला, क्रॉस-कंट्रीसाठी, म्हणजे दूरच्या दुसऱ्या विमानतळापर्यंतच्या उड्डाणासाठी, विमान ठरवलेलं, सोबत येणाऱ्या मित्राला वेळ दिलेली. अशा वेळी हवामानाचा अहवाल वाचताना नजर सोयीच्या आकड्यांवरच रेंगाळते. म्हणून पहिलं काम अहवाल उघडण्याआधीच उरकून घ्या.

१. स्वतःच्या मर्यादा आधी लिहून काढा. दिसणाऱ्या क्षितिजावर उडण्यासाठी, म्हणजे व्हीएफआरसाठी, १०,००० फुटांखाली बहुतेक ठिकाणी ५ किलोमीटर दृश्यता पुरेशी मानली जाते. १०० नॉटच्या वेगाने विमान मिनिटाला जवळपास ३ किलोमीटर कापतं, म्हणजे समोर दिसतं ते जेमतेम दीड मिनिटाचं. नवख्या माणसासाठी हे फारच तुटपुंजं आहे. माझ्या मते सुरुवातीला १० किलोमीटर दृश्यता आणि मार्गातल्या सर्वांत उंच जमिनीपासून ३,००० फुटांवर ढगांचा तळ, याहून कमी असेल तर निघू नये. आडव्या वाऱ्याची मर्यादा मात्र तुम्ही प्रशिक्षकाशिवाय किती वाऱ्यात नीट उतरला आहात त्यावरून ठरवा. विमानाच्या पुस्तिकेतला आकडा कसलेल्या वैमानिकाच्या हाताने निघालेला असतो.

२. आदल्या संध्याकाळी फक्त मोठं चित्र पाहा. कमी दाबाचे पट्टे कुठे आहेत, हवा कुठल्या दिशेने सरकते आहे, गडगडाटी ढगांची शक्यता आहे का, एवढं पुरे. सोबतच्यांना ‘उद्या नक्की’ असा शब्द देऊ नका. ‘सकाळी सांगतो’ म्हणा.

३. सकाळी मेटार आणि टॅफ एकत्र वाचा. मेटार म्हणजे विमानतळावरची त्या वेळची प्रत्यक्ष स्थिती, टॅफ म्हणजे पुढच्या तासांचा अंदाज. दोन्हींतली वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते, स्थानिक नव्हे. मागचे तीन-चार मेटार काढा आणि टॅफने त्या वेळांसाठी काय म्हटलं होतं ते ताडून पाहा. ढग अंदाजापेक्षा आधीच खाली आले असतील, तर पुढच्या तासांच्या अंदाजावरही विसंबू नका. टॅफमध्ये ‘टेम्पो’ लिहून तात्पुरतं वाईट हवामान दिलेलं असेल, तर ते नेमकं तुम्ही पोहोचाल तेव्हाच असेल असं धरून चाला.

तापमान आणि दवबिंदू यांच्यातलं अंतर जरूर बघा. ते दोन-तीन अंशांवर आलं आणि वारा पडलेला असला, तर धुक्याची शक्यता बळावते. संध्याकाळच्या परतीच्या वेळी तर जास्तच.

४. ढगांची उंची मार्गावर उतरवा. नवखे सर्वांत जास्त इथेच फसतात. मेटारमधली ढगांची उंची विमानतळाच्या जमिनीपासून मोजलेली असते, तर नकाशावरच्या डोंगराची समुद्रसपाटीपासून. समजा विमानतळ ५०० फुटांवर आहे आणि अहवालात ‘ब्रोकन’, म्हणजे अर्ध्याहून जास्त आकाश झाकणारे, ढग २,५०० फुटांवर आहेत. म्हणजे ढगांचा तळ समुद्रसपाटीपासून ३,००० फुटांवर. त्याखाली १,००० फूट मोकळे ठेवायचे, तर तुम्ही २,००० फुटांवर. वाटेतली डोंगररांग १,६०० फुटांची असेल, तर माथ्यावरून जाताना चाकांखाली उरले ४०० फूट. दोन्ही टोकांचे अहवाल छान असूनही मार्ग बंद! टॅफ विमानतळाच्या आसपासच्या सुमारे ८ किलोमीटरपुरताच असतो. मधल्या पट्ट्यासाठी क्षेत्रीय अंदाज, वाटेतल्या विमानतळांचे मेटार आणि मिळाल्यास इतर वैमानिकांचे अहवाल बघावेच लागतात.

५. मागे फिरण्याच्या जागा नकाशावर खुणा करून ठेवा. ‘या पुलापर्यंत पलीकडची रांग दिसली नाही तर परत’ असं प्रत्येक टप्प्यासाठी लिहा आणि जवळचा पर्यायी विमानतळही टिपून ठेवा. सेकंदाला ३ अंश या दराने उलट फिरायला एक मिनिट लागतं. तेवढा वेळ मागची हवा स्वच्छ असताना आरामात मिळतो, ढगात शिरल्यावर नाही. १९५४ साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाने उपकरणांवर उडण्याचं प्रशिक्षण नसलेल्या २० जणांची चाचणी घेतली. क्षितिज नाहीसं झाल्यावर विमान ताब्याबाहेर जायला सरासरी १७८ सेकंद लागले. गडगडाटी ढगांपासून २० नॉटिकल मैल दूर राहा. दोन ढगांमधल्या फटीतून वाट काढायचा विचारही नको.

६. परतीचं उड्डाण नवं समजा. जाताना सगळे सावध असतात. येताना उशीर झालेला असतो, घरी कोणीतरी वाट पाहत असतं. १९९९ च्या जुलैमध्ये अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचे पुत्र जॉन एफ. केनेडी ज्युनियर यांचं विमान रात्री समुद्रावर धुरकट हवेत कोसळलं. हवामान व्हीएफआरच्या नियमात बसत होतं, पण अंधाऱ्या पाण्यावर क्षितिज दिसत नव्हतं, आणि तपासात दिशाभ्रम हेच कारण निघालं. म्हणून परतीआधी तिसरी आणि चौथी पायरी ताज्या अहवालांवर पुन्हा करा, आणि अंधार पडायच्या आत पोहोचणं जमत नसेल तर निघू नका.

मुक्कामाची तयारी घरूनच करा: विमान बांधायचे दोर, एक जोड कपडे, आणि सोबतच्यांना आधीच दिलेली कल्पना की कदाचित रेल्वेने किंवा बसने यावं लागेल. इतकं केलं की ‘आज नाही’ म्हणणं खूप सोपं जातं. वाटेत दुसरीकडे उतरलात, तर चहापाण्याआधी हवाई वाहतूक नियंत्रणाला कळवून फ्लाइट प्लॅन बंद करा, नाहीतर तुमचा शोध सुरू होईल.