गुलाबाची फांदी लावताना: पालवी फुटली म्हणजे रोप झाले नव्हे

गुलाबाची फांदी बटाट्यात खोचून लावायची युक्ती सांगितली जाते, ती करू नका. बटाटा कुजतो आणि फांदीलाही बुरशी लावतो. पुष्पगुच्छातले दांडेही विसरा. घरी सर्वांत सहज लागतो तो गुलकंदाचा गावठी गुलाब. डच गुलाब हवाच असेल तर आठ-दहा फांद्या एकदम लावा, त्यातल्या बऱ्याच जातात.

जून-जुलैत किंवा ऑक्टोबर छाटणीच्या वेळी, नुकतीच फुलून गेलेली, पेन्सिलीएवढी जाड फांदी घ्या. लांबी 15 ते 20 सेंमी, डोळे (जिथून कोंब फुटतो त्या जागा) तीन-चार. झाड कलमी असेल तर सांध्याच्या वरचीच घ्या, नाहीतर खुंटाचा, म्हणजे ज्यावर कलम बांधले तो रानगुलाब वाढवत बसाल. खालचा काप डोळ्याला लागून, तिरका. शेंड्याची दोन पाने ठेवून बाकीची काढा. बुडाला आयबीए पावडर (मुळे फुटायला मदत करणारे संप्रेरक) लावा. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि जाड वाळू निम्मी-निम्मी घ्या. त्यात शेणखत अजिबात नको. आधी काडीने भोक पाडा, मगच फांदी रोवा, म्हणजे पावडर खरवडली जात नाही. दोन डोळे मातीत गेले पाहिजेत.

आता खरी परीक्षा. दहा-पंधरा दिवसांत लाल कोंब फुटतात आणि लोक कुंडी उन्हात नेतात, खत घालतात. आठवड्यात सगळे माना टाकते. कारण ती पालवी फांदीत साठलेल्या अन्नावर आलेली असते. खाली तेव्हा फार तर पांढरट गाठ धरलेली असते, मुळे नसतात. पाने पाणी उडवत राहतात, ओढून घ्यायला खाली काहीच नाही. मुळांना साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर वरून पारदर्शक पिशवी, जागा उजेडाची पण सावलीची, आणि कळी दिसली की खुडायची. फांदी उपटून पाहणे तर सक्त बंद: नुकती फुटलेली मुळे तेवढ्यानेच तुटतात. पाहायचेच असेल तर सुरुवातीलाच बुडाला भोके पाडलेला पारदर्शक प्लास्टिकचा ग्लास वापरा, कडेने मुळे दिसतात.

पाणी माती कोरडी वाटेल तेव्हाच. फांदी बुडापासून काळी पडू लागली तर पाणी जास्त झाले. ती वाचत नाही, लगेच काढून टाका.

ग्लासात मुळे भरपूर दिसली की आठ-दहा दिवसांत पिशवी थोडी थोडी उघडत काढा. मग आठ इंची कुंडी, सकाळचे ऊन, आणि महिनाभराने पहिले मूठभर शेणखत, तेही चांगले कुजलेले.